अंगणातली जीप (भाग ९) : चाक आपोआप फिरलं त्याची गोष्ट

गेल्या भागात ट्रान्सफर केस उतरवण्याआधी जीप जॅकवर घेतली, तेव्हा जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो. पुढचं डावं चाक जमिनीवरून सुटलं आणि गचकन पाव फेरा फिरून थांबलं. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडीत कुणी नाही. आधीच्या आठ भागांवर मिळून जेवढी विचारणा झाली नसेल तेवढी या एका वाक्यावर झाली. यावल तालुक्यातल्या एका केळी बागायतदारांनी तर त्याला आपलं दुखणंही जोडून पाठवलं आहे: ‘शेतातून रस्त्यावर आलो की फोर-व्हीलचा दांडा निघतच नाही. जोर लावला तर वाकेल असं वाटतं. काय करावं?’

प्रश्न दोन असले तरी उत्तर एकच आहे. म्हणून मधल्या गिअरच्या सुया आणि पितळी वॉशर, ज्यांचं मी आजच्यासाठी वचन दिलं होतं, ते पुढच्या रविवारी. केस का गेली हे समजून न घेता नवी बसवली तर तीही त्याच वाटेने जाईल.

माझी जीप सीजे-३बी, उंच बॉनेटची. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली आलं आणि १९६८ साली बंद झालं. आपल्याकडे महिंद्राने ते पुढेही कित्येक वर्षं काढलं. हिच्या पोटातली स्पायसर १८ ही केस मुळात युद्धातल्या जीपची. चिखल, वाळू, दगडगोटे यांच्यासाठी केलेली. फोर-व्हीलचा दांडा टाकला की आतला एक दातेरी गिअर सरकतो आणि पुढचा शाफ्ट मागच्या शाफ्टला जाम जोडतो. ढिलाई नावालाही नाही. मागचा शाफ्ट दहा फेरे फिरला तर पुढचाही दहाच फिरणार.

आता गाडी वळवा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. बैलगाडीच्या मागे चालत गेलेल्याला हे सांगावं लागत नाही. बैल बाहेरून वळतात आणि चाक आतून बांध कापतं. जीपच्या दोन आसांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २.०३ मीटर. मागच्या आसाचा मध्य पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर ठेवला तर पूर्ण फेरीत तो ३१.४ मीटर चालतो, पुढच्या आसाचा मध्य ३३.९ मीटर. फरक अडीच मीटरांचा. ६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. म्हणजे एका गोल वळणात पुढच्या चाकाला एक आख्खा फेरा जास्त हवा असतो.

हे मी मैदानात करूनही पाहिलं. खुंटी, दोरी आणि चुन्याच्या फक्कीने वर्तुळ आखलं, बाहेरच्या बाजूच्या दोन्ही टायरांवर खडूची जाड रेघ ओढली, फोर-व्हील काढलं आणि गल्लीतल्या दोन पोरांना एकेका चाकामागे मोजत पळवलं. मागचं चाक मोजणारा पंधरा-साडेपंधरावर थांबला, पुढचं मोजणारा साडेसोळावर. ‘काका, तुमची जीप पुढून जास्त चालते!’ असं तो ओरडला. इतकं नेमकं वाक्य मला आजवर सुचलं नव्हतं.

हा जास्तीचा फेरा फोर-व्हीलमध्ये कुठे जातो? काळ्या मातीत काही बिघडत नाही. चाक जरा घसरतं, जरा घासतं, हिशोब तिथल्या तिथे मिटतो. तापीकाठच्या केळीच्या बागेत, गिरणेच्या वाळूत दिवसभर फोर-व्हील लावून ठेवा, केस कुरकुर करणार नाही. डांबर मात्र टायरला सोडत नाही. मग दोन्ही शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात, ओल्या धोतराला दोघांनी दोन टोकांनी पीळ द्यावा तसे. हा पीळ त्या सरकत्या गिअरच्या दातांवर, शाफ्टच्या क्रॉसवर आणि पितळी बुशवर बसतो. दात आवळले गेले की दांडा कसा निघेल?

माझ्या बाबतीत हेच घडलं. रावेरच्या वर पालकडून उतरताना पावसाने गाठलं, फोर-व्हील लावलं आणि सावद्याजवळ चांगला रस्ता लागल्यावर काढायचं राहिलं. जळगावात शिरून दोन-चार वळणं घेतली आणि गाडी तशीच, पिळासकट, अंगणात उभी केली. जॅकने चाक मोकळं झालं तसा पीळ सुटला. म्हणून सांगतो, जॅक लावताना हात स्पोकमध्ये किंवा रिमवर ठेवू नका. त्या गचक्यात बोट तुटू शकतं.

केस उघडल्यावर पुरावा हाती आला. सरकत्या गिअरच्या दातांच्या कडा गोल झालेल्या, चोखलेल्या खडीसाखरेसारख्या. पितळी बुश एका बाजूने इतका झिजलेला, की शाफ्टचं टोक आत डुगडुगत होतं. चढावर दांडा आपोआप सुटायचा तो यामुळेच. धुळ्याचे माझे उस्ताद आयुष्यभर एकच सांगत आले: ‘डांबरवर दांडा काढी टाक रे भो!’ कारण त्यांनी कधी दिलं नाही, पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या केसेस पाहता त्यांना कारणाची गरजही नव्हती.

सरळ रस्त्यावरही सुटका नाही. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर घालायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. त्रिज्येत एक सेंटीमीटरचा फरक असला तरी किलोमीटरमागे सुमारे २८ मीटरांचा पीळ चढू पाहतो. फोर-व्हील वापरणाऱ्याने चारही टायर एका मापाचे, एका झिजेचे ठेवावेत. यात मी तडजोड मानत नाही. १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टमध्येच डिफरन्शियल बसवलं होतं, म्हणून ती डांबरावर कायम चारही चाकांवर चाले. आपल्या जीपमध्ये ते काम ड्रायव्हरच्या डाव्या हाताचं.

यावलच्या भाऊंसाठी: दांड्यावर पाय देऊ नका, हातोडीचं तर नावच नको. स्टिअरिंग सरळ करा, रिव्हर्स टाकून गाडी दहा-पंधरा फूट मागे घ्या आणि ती चालती असतानाच, अॅक्सिलरेटर सोडून, दांडा हलक्या हाताने ओढा. नाहीच निघाला तर एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या मऊ मातीत उतरवा आणि चार पावलं पुढे-मागे करा. आणि एकदा पुढच्या-मागच्या टायरांचा घेर दोरीने मोजून मला कळवा.