हवेला भाव आला, पण तो कुणाच्या पदरात?

कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, हळदीचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो. हिमायतनगरच्या मोंढ्यात माल नेण्याआधी चार ठिकाणी विचारूनच आपण गाडी जुंपतो. आता आणखी एका मालाचा भाव निघू लागला आहे. हा माल पोत्यात भरता येत नाही, काट्यावर ठेवता येत नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. तो म्हणजे शेतातून आणि गोठ्यातून हवेत जाणारा वायू.

"काका, तुम्ही पऱ्हाटी जाळू नका, बांधावर झाडे लावा, खत कमी टाका, परदेशातली कंपनी तुम्हाला पैसे देईल. फक्त इथे सही करा," असे सांगत एखादा माणूस उद्या आपल्या ओसरीवर येऊन बसला, तर त्याला काय उत्तर द्यायचे? त्यासाठी हा व्यवहार मुळातून समजून घेतला पाहिजे.

वायू निघतो कुठून?

पृथ्वीभोवती काही वायूंचे पांघरूण आहे. हे पांघरूण जाड झाले की उष्णता अडकून राहते, पावसाचे वेळापत्रक बिघडते. असे वायू मुख्यतः तीन. पहिला कर्बवायू, तो कोळसा, डिझेल, लाकूड जाळल्याने निघतो. दुसरा मिथेन, गाय-बैल-म्हैस रवंथ करतात तेव्हा त्यांच्या पोटात तो तयार होतो, आणि पाणी तुंबलेल्या भाताच्या खाचरातून व सडणाऱ्या उकिरड्यातूनही निघतो. तिसरा नायट्रस ऑक्साइड. शेतात टाकलेल्या नत्र खताचा थोडा भाग मातीतल्या जिवाणूंमुळे या वायूच्या रूपाने उडून जातो.

तिघांची ताकद सारखी नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कर्बवायूइतकी उष्णता धरून ठेवतो, तर एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलोंइतकी. म्हणून सगळ्यांचे रूपांतर कर्बवायूच्या टनांत करतात आणि भाव टनावर लावतात.

भारत सरकारच्या २०२० सालच्या हिशेबानुसार देशातून निघणाऱ्या अशा वायूंपैकी सुमारे पावणेचौदा टक्के वाटा शेती व पशुपालनाचा आहे. पाऊण भाग वीज, कारखाने, वाहने यांना लागणाऱ्या इंधनाचा आहे. दोष वाटून द्यायचा झाला, तर तो आधी कुणाच्या दारात जातो हे यावरून कळते.

कर आणि मोबदला

हवेला भाव लावण्याच्या दोन वाटा आहेत. एक कराची: जो वायू सोडील त्याने पैसे भरावेत. दुसरी मोबदल्याची: जो वायू कमी करील त्याला कुणीतरी पैसे द्यावेत.

कराची वाट डेन्मार्कने धरली. त्या देशात माणसांपेक्षा डुकरे जास्त आणि दुधाचा धंदा मोठा. तिथे २०२४ साली असे ठरले की २०३० पासून जनावरांच्या वायूवर दर टनाला ३०० क्रोनर कर बसेल. मात्र त्यात साठ टक्के सूट असल्याने प्रत्यक्षात १२० क्रोनर पडतील. २०३५ मध्ये तो वाढून प्रत्यक्षात ३०० क्रोनर होईल. न्यूझीलंडमध्ये मात्र उलटे घडले. २००३ साली असा कर सुचवला गेला तेव्हा शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, एका खासदाराने तर संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढवला. २०२२ मध्ये पुन्हा योजना निघाली आणि २०२४ मध्ये सरकारने शेतीला वायूच्या व्यापारातून वगळण्याचे जाहीर केले.

आपल्या देशाने शेतकऱ्यावर असा कर लावलेला नाही. मिथेन कमी करण्याचा जो करार २०२१ साली ग्लासगो येथे अनेक देशांनी केला, त्यावरही भारताने सही केली नाही. आपल्याकडे आली ती दुसरी वाट. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीची योजना जाहीर केली. तिच्यात बंधन आहे ते मोठ्या कारखान्यांवर. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीसाठी ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा काढला. ऐच्छिक म्हणजे ज्याची इच्छा असेल त्याने यावे. एक टन वायू वाचवल्याचा दाखला म्हणजे एक क्रेडिट. कंपनी तो विकत घेते आणि स्वतःच्या धुराच्या खात्यात वजा दाखवते.

एका पोत्याचा हिशेब

आता आपल्याच शेतात येऊ. युरियाचे पोते ४५ किलोचे. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २० किलो ७०० ग्रॅम. शास्त्रज्ञांच्या सर्वसाधारण हिशेबाने यातील शंभरातला एक भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. त्याची ताकद मोजली तर ती सुमारे ८९ किलो कर्बवायूइतकी होते. युरिया मातीत विरघळताना आणखी ३३ किलो कर्बवायू सुटतो. म्हणजे एका पोत्यामागे शेतातून १२२ किलो वायू. कारखान्यातला धूर वेगळाच.

समजा हवेचा भाव टनाला एक हजार रुपये धरला. मग एका पोत्याच्या वायूची किंमत झाली १२२ रुपये. चार एकर कपाशीत एखाद्याने माती तपासून, मात्रा विभागून देऊन दोन पोती युरिया वाचवला, तर हवेचे मिळतील २४४ रुपये. त्यातून मोजणी करणारा, तपासणी करणारा आणि दलाल आपापला वाटा काढणार. पण पोत्याला २६६ रुपये ५० पैसे या दराने ५३३ रुपये त्याच्या स्वतःच्या खिशात राहिले, त्यात कुणाचा वाटा नाही.

कर लावला तर काय होईल? तेच पोते ३८८ रुपयांच्या पुढे जाईल. एका हाताने सरकार युरियावर अनुदान देणार आणि दुसऱ्या हाताने कर घेणार, हा खेळ कोरडवाहू कास्तकाराला परवडणारा नाही.

बैलाचेही तसेच. आपल्याकडचे जनावर वर्षाला ढोबळमानाने ३० ते ५० किलो मिथेन सोडते, म्हणजे सुमारे एक टन कर्बवायू. हजाराच्या भावाने बैलजोडीवर वर्षाला दोन हजारांचा कर झाला. पण जो बैल डिझेलशिवाय वखर ओढतो, शेणखत देतो आणि कडबा-कुटारावर जगतो, त्याला खुराकावर पोसलेल्या परदेशी दुभत्या गायीच्या रांगेत उभे करणे न्यायाचे होणार नाही. पोटासाठी निघणारा वायू आणि चैनीसाठी निघणारा वायू यांना एकच माप लावू नये, हे आपले म्हणणे ठामपणे मांडले पाहिजे.

शेजारच्या राज्यातला धडा

मोबदल्याच्या वाटेवर आपल्याआधी चालून गेलेले लोक आहेत. कर्नाटकातील बागेपल्ली भागात ५,५०० कुटुंबांसाठी दोन घनमीटरच्या गोबर गॅसची योजना २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत नोंदवली गेली. चुलीचे लाकूड आणि रॉकेल वाचले, म्हणून वायू वाचला आणि त्याची विक्री करायची, अशी कल्पना. घरातल्या बाईचा धूर आणि सरपणाची पायपीट वाचते, हा लाभ तर रोखच आहे.

पण त्या बाजाराचा भाव पाहा. २००८ च्या सुमारास अशा एका टनाला वीस युरोंच्या आसपास मिळत होते; २०१२ संपता संपता तो भाव एका युरोच्याही खाली आला. दाखल्यांच्या खरेपणाचाही प्रश्न आहे. २०२४ साली व्हेरा या नोंदणी करणाऱ्या संस्थेने चीनमधील भातशेतीचे ३७ प्रकल्प नियमांत न बसल्याने रद्द केले. तुरीचा भाव पडला तर तूर निदान घरात शिजवता येते. हवेचा भाव पडला तर हातात कागद उरतो.

सही करण्यापूर्वी विचारा

महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. एवढ्याशा तुकड्यावर एकट्याने मोजणीचा खर्च परवडत नाही, म्हणून गावाने मिळून, शेतकरी कंपनीमार्फत बोलावे आणि या गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात:

१. करार किती वर्षांचा? मध्येच बाहेर पडता येईल का?

२. मोजणीचा खर्च कुणाचा, आणि विक्रीतला किती हिस्सा शेतकऱ्याचा?

३. पैसे कधी मिळणार, आणि भाव पडला तर कमीत कमी किती?

४. पीक बदलले, झाड तोडले, जमीन विकली किंवा भावांत वाटणी झाली तर दंड आहे का?

५. सातबाऱ्यावर बोजा चढणार का? करार मराठीत आहे का?

६. पैसे कुणाच्या खात्यात? शेण-गोठा घरची बाई करते आणि सही सातबारावाल्याची असते, हेही ध्यानात ठेवावे.

यातील एकाही प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर मिळाले, तर चहा पाजून पाहुण्याला निरोप द्यावा.

कागदाविना मिळणारा भाव

याचा अर्थ वायू वाचवू नये असा नाही. तो वाचवावा, पण आधी आपल्या घरासाठी. सोयाबीन, तूर, हरभरा ही पिके मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र धरतात. बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळले तर सोयाबीनला वरून युरिया फेकण्याची गरज राहत नाही. कपाशीची पऱ्हाटी उभी ठेवली तर बोंडअळीला घर मिळते आणि जाळली तर मातीचे अन्न जळते. ती यंत्राने बारीक करून कुजवावी.

कुजवण्याची रीत पैनगंगेपलीकडच्या पुसदने दिली आहे. तिथल्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीला भोके ठेवलेली. शंभर किलोच्या आसपास शेण, बाकी काडीकचरा आणि माती यांतून तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत होते. भोकांतून हवा खेळत असल्याने पाणी तुंबलेल्या उकिरड्यापेक्षा मिथेनही कमी निघतो. ज्यांच्याकडे चार-पाच जनावरे आहेत त्यांनी गोबर गॅस करावा. दोन घनमीटरला रोज पन्नास किलो शेण पुरते. खताची मात्रा मात्र माती तपासूनच ठरवावी. त्यासाठी परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि आपले कृषी विज्ञान केंद्र आहेच.

एवढे केल्यावर बाहेरचा कुणी त्याचे पैसे देत असेल, तर अटी वाचून जरूर घ्यावेत. तो आपला हक्कच आहे. पण तो पैसा शेताच्या उत्पन्नावरची वरकड समजावा, त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये. जमिनीत मुरलेले खत आणि न फोडलेले युरियाचे पोते यांचा भाव दूरदेशीच्या बाजारात ठरत नाही.