खोपोलीच्या तारांपासून शोषक पत्र्यापर्यंत

घाटमाथ्यावरचं पाणी नळांतून खाली सोडून 1915 साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. 1922 मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर उभं राहिलं. दोन्ही टाटांची आणि दोन्हींची वीज मुंबईला जाणारी. धरणांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. मला मात्र ती वीज नेणाऱ्या तारांचं जास्त अप्रूप वाटतं, कारण अशाच लांब तारांचं गणित पुढे रडारच्या लहरी गिळणाऱ्या पत्र्यांपर्यंत पोहोचलं.

वळवाच्या दिवसांत आकाशातली वीज अशा वाहिनीवर कोसळली, की विद्युतदाबाची लाट जवळपास प्रकाशाच्या वेगाने तारेतून धावते. तारेचा इम्पीडन्स, म्हणजे लाटेतल्या दाबाचं प्रवाहाशी गुणोत्तर, काही शे ओहम. टोकाच्या ट्रान्सफॉर्मरचा त्या लाटेपुरता कितीतरी जास्त. जुळणी होत नाही, लाट उलटते, आणि येणारी-परतणारी मिळून टोकाशी दाब जवळपास दुप्पट होतो. म्हणून तिथे लायटनिंग अरेस्टर लागतात. किती भाग परतेल हे काढायला दोन इम्पीडन्सची वजाबाकी त्यांच्या बेरजेने भागायची. दोन्ही सारखे असले की परतणारं काहीच उरत नाही.

1938 मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या सर्गेई शेल्कुनॉफ यांनी हा हिशेब तारेबाहेर, मोकळ्या लहरींना पद्धतशीर लावून दाखवला. पोकळीचा इम्पीडन्स सुमारे 377 ओहम. आता हवा ही एक तार झाली, पदार्थाचा थर ही दुसरी, आणि मागचा धातूचा पत्रा म्हणजे शॉर्ट केलेलं टोक. माझ्या मते या विषयातलं सर्वांत मोठं पाऊल हेच.

दुसऱ्या महायुद्धात विनफील्ड सॅलिसबरी यांनी हे गणित रडारच्या लहरी शोषण्याच्या कामाला लावलं. पेटंट 1952 चं. धातूपासून पाव तरंगलांबीवर 377 ओहमचा विरोधक पडदा धरायचा. तेवढ्या अंतरावरून शॉर्टही उघड्या टोकासारखा भासतो, लहरीला फक्त 377 दिसतात आणि तिची ऊर्जा पडद्यात उष्णता होऊन संपते. 10 गिगाहर्ट्झला हे अंतर 7.5 मिलिमीटर. 1 गिगाहर्ट्झला मात्र 7.5 सेंटिमीटर, आणि विमानावर एवढी जाडी कोण चढवणार?

जाडी घटवताना परिपथाची दृष्टी खरी उपयोगी पडली. पाव तरंगलांबीहून पातळ थर धातूसह इंडक्टरसारखा वागतो. त्यावर छोट्या चौकटींची नक्षी छापली, तर चौकटींमधल्या फटी कपॅसिटर होतात. दोघांचा अनुनाद जुळला की धातू पुन्हा उघड्या टोकासारखा भासतो, तोही पातळ थरात. शोषणापुरता विरोध नक्षीत किंवा थरात ठेवायचा. 2008 मध्ये अमेरिकेत लँडी आणि सहकाऱ्यांच्या मेटामटेरियल, म्हणजे अशाच नक्षीतून घडवलेल्या, शोषकाचा गाजावाजा झाला. तो योग्यच होता, पण परिपथ मांडणाऱ्याला त्यातली नाती ओळखीची वाटतात.

सॉफ्टवेअर आज शोषणाचा अचूक आलेख देतं. पण शोषणाचा वारंवारता-पट्टा का अरुंद झाला, फट वाढवायची की थर, हे चार घटकांचा परिपथच सांगतो. अर्थात नक्षी धातूच्या फार जवळ आली, की तिच्याभोवतीची स्थानिक क्षेत्रं धातूपर्यंत पोहोचतात आणि कपॅसिटरचं मूल्य सुधारून घ्यावं लागतं.

पातळपणालाही सीमा आहे. 2000 मध्ये रोझानोव्ह यांनी ती सिद्ध केली. 4 ते 12 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परावर्तित शक्ती 1 टक्क्याच्या आत हवी असेल, तर धातूवरचा अचुंबकीय थर सुमारे 5.8 मिलिमीटरहून पातळ करता येत नाही, नक्षी कितीही गुंतागुंतीची असो.