पस्तिसाव्या हिश्श्यातली धूळ

वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा एक कण घ्या आणि एकास पस्तीस प्रमाणात बनवलेल्या लष्करी गाडीच्या मॉडेलवर ठेवा. त्या गाडीतल्या पाच सेंटिमीटर उंचीच्या सैनिकाच्या दृष्टीने तो आता कण राहिलेला नाही, पावणेदोन सेंटिमीटरचा खडा झाला आहे. आपला एखादा केस तिथे पडला, तर तो अडीच मिलिमीटर जाडीची तार ठरतो. अगदी दहा मायक्रॉनची भुकटीसुद्धा त्या जगात वाळूच असते. म्हणजे वाळवंटातून आलेल्या गाडीचं मॉडेल करायचं, तर आपल्या जगातली कुठलीच धूळ पुरेशी बारीक नाही. तरीही कसलेल्या मॉडेलकाराची गाडी पाहिली की ती कालच मैलोन् मैल तुडवून आली आहे, असं वाटतं. न घातलेली धूळ दिसते कशी, हे समजून घेताना आकार, वजन, प्रकाश आणि आपला डोळा यांच्याबद्दल कितीतरी नव्या गोष्टी हाती लागतात.

उदाहरणाला ब्रिटिश लष्कराची ‘जॅकल’ ही गस्तीची गाडी घेऊ. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या सुपाकॅट कंपनीची ही रचना. २००७ साली तिची मागणी नोंदवली गेली आणि २००८ मध्ये ती अफगाणिस्तानातल्या हेल्मंद प्रांतात धावू लागली. तिला छत नाही, दारं नाहीत. सैनिकांना चारही बाजूंचं दिसावं आणि वरच्या मोठ्या बंदुकीला मोकळेपणी फिरता यावं, हा त्यामागचा विचार. तिची चाकं हवेच्या फुग्यांवर तोललेली असतात. खडकाळ वाटेवर गाडी उचलून घ्यायची आणि थांबून नेम धरायचा असेल तेव्हा खाली बसवायची, अशी ती सोय आहे. चीनमधल्या हॉबी बॉस कंपनीने एकास पस्तीस प्रमाणात तिचं किट काढलं आहे. बंद रणगाड्याच्या मॉडेलमध्ये आतलं काही दिसत नाही, इथे मात्र काहीच झाकता येत नाही. आसनं, पट्टे, दारूगोळ्याच्या पेट्या, पाण्याचे कॅन, बाजूला लटकवलेल्या पिशव्या, सगळं पाहणाऱ्याच्या समोर.

‘एकास पस्तीस’ हे प्रमाणही मोठ्या गणिती विचारातून आलेलं नाही. जपानच्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा बाजारात आणला. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबाने त्याचा आकार ठरला होता. नंतर मोजून पाहिलं, तेव्हा ते प्रमाण सुमारे एकास पस्तीस निघालं. पुढच्या गाड्याही त्याच मापात निघाल्या आणि लष्करी वाहनांच्या मॉडेलचं ते जगभरचं माप होऊन बसलं.

आता हिशेब करून पाहू. जॅकलची लांबी सुमारे ५.४ मीटर, रुंदी साधारण दोन मीटर. पस्तिसाने भागल्यावर लांबी १५४ मिलिमीटर आणि रुंदी ५७ मिलिमीटर होते. इथपर्यंत सोपं आहे. पण लांबी पस्तीसपट कमी झाली की पृष्ठभागाचं क्षेत्रफळ पस्तीस गुणिले पस्तीस, म्हणजे १२२५ पट कमी होतं आणि घनफळ ४२,८७५ पट. साडेसहा टनांची गाडी त्याच धातूंनी जशीच्या तशी लहान करता आली असती, तर तिचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम भरलं असतं. लांबी, क्षेत्रफळ आणि वजन एकाच वेगाने घटत नाहीत. मॉडेलकाराची सगळी कसोटी इथून सुरू होते.

टायरचंच पाहा. खऱ्या गाडीचा टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो आणि त्याच्या कडा किंचित फुगतात. गाडी जड आहे हे आपल्या मनाला याच फुगवट्यातून कळतं. पण मॉडेलमध्ये वजन ४२,८७५ पट घटलं आणि टेकणारी जागा मात्र १२२५ पटच घटली. त्यामुळे जमिनीवरचा दाब खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्यावर येतो. इतक्या हलक्या ओझ्याने टायर चपटा होत नाही. परिणामी, पूर्ण गोल चाकांचं मॉडेल मापाने अचूक असूनही जमिनीला नुसतं टेकल्यासारखं, खेळण्यासारखं दिसतं. म्हणून मॉडेलकार चाकाचा तळ कानशीने घासून सपाट करतात किंवा आधीच फुगवटा दिलेले रेझिनचे टायर बसवतात. गुरुत्वाकर्षण जे काम करणार नाही, ते हाताने करावं लागतं.

कापडाचीही तीच गोष्ट. अर्धा मिलिमीटर जाडीचं कॅनव्हास मापात आणलं, तर त्याची जाडी मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाएवढी होते. वर्तमानपत्राचा कागदही याच्या कितीतरी पट जाड असतो. खरं कापड मॉडेलवर टाकलं तर ते लोंबत नाही, फुगून ताठ उभं राहतं. त्यामुळे पातळ केलेल्या पांढऱ्या डिंकात भिजवलेला टिश्यू पेपर अंथरायचा, ओला असतानाच टोकदार काडीने त्याला चुण्या पाडायच्या आणि वाळू द्यायचा. पिशव्या तर पुट्टीच्याच घडवायच्या. कुठली घडी वजनाने पडली असेल आणि कुठली पट्ट्याने आवळल्यामुळे, हे आधी समजून घ्यावं लागतं.

मग किती बारीक जायचं? निसर्गाने याची मर्यादा आपल्या डोळ्यातच घालून दिली आहे. हातभर अंतरावरून निरोगी डोळ्याला साधारण एक दशांश मिलिमीटरपर्यंतचं वेगळं ओळखता येतं. एकास पस्तीसमध्ये हे झाले साडेतीन मिलिमीटर. म्हणजे खऱ्या गाडीवरची त्याहून बारीक चीज मॉडेलवर असली काय आणि नसली काय, डोळ्याला सारखीच. पण बोल्टचं १७ मिलिमीटरचं डोकं अर्ध्या मिलिमीटरचं होतं आणि ते नसेल तर डोळ्याला लगेच खुपतं. किटमधलं प्लास्टिक साच्यात वितळलेल्या स्थितीत दाबून भरतात. ते साच्यात नीट पसरावं आणि भाग न मोडता बाहेर यावा, म्हणून जाडी मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. एक मिलिमीटर म्हणजे त्या जगात ३५ मिलिमीटरचा पत्रा. कंसपट्टी, जाळी, पट्ट्याचं बक्कल अशा नाजूक वस्तू म्हणूनच पितळेच्या पत्र्यातून बनवतात. पत्र्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर चढवायचा, नकाशाप्रमाणे त्यावर प्रकाश पाडायचा आणि उघडा राहिलेला धातू फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवायचा. इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड ज्या रीतीने बनतो, त्याच रीतीने जॅकलच्या आरशाचा कंस बनतो.

लहान झाल्यावर प्रत्येक गोष्ट अवघडच होते असं नाही. काही बळं या आकारात उलट मदतीला येतात. जोडायचे दोन भाग एकमेकांना टेकवून धरायचे आणि पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याच्या एका टोकाला लावायचा, की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते सगळ्या सांध्यात आपोआप पसरतं. तिथे ते प्लास्टिक विरघळवतं. द्रावक उडून गेल्यावर दोन भाग खरोखर एकजीव होतात. रंगवल्यानंतर गडद रंगाचा पातळ ‘वॉश’ बोल्टजवळ टेकवला तर तोही असाच बोल्टभोवती गोल फिरतो आणि सावलीची कडा काढून देतो.

ही सावली काढावीच लागते. हेल्मंदच्या उघड्या आभाळाखाली सूर्याचा प्रकाश एकाच दिशेने येतो आणि आसनाखाली काळोख साठतो. खोलीत ट्यूबलाइट असते, भिंतींवरून उजेड परततो आणि सावल्या विरघळून जातात. म्हणून खाचेत गडद, उंचवट्यावर फिकट असा प्रकाश रंगानेच घालतात. मूळ रंगही थोडा फिकट करून घेतात, कारण खऱ्या डब्यातला रंग इतक्याशा आकारावर गडद आणि जड वाटतो. अर्ध्या मीटरवरून मॉडेल पाहणं हे खरी गाडी साडेसतरा मीटरवरून पाहण्यासारखं आहे आणि तेवढ्या अंतरावरून धुळीचा कण कुणालाच दिसत नाही. दिसतो तो तिच्यामुळे बदललेला रंग. धुळीचं कोडं इथे सुटतं. ती घालायची नसते, एअरब्रशने फिकट रंगाचा विरळ पडदा देऊन सुचवायची असते.

तो पडदा कुठे दाट आणि कुठे विरळ, याला मात्र नियम आहेत. पुढचं चाक धूळ मागे उडवतं, त्यामुळे मागचा भाग जास्त माखतो. जिथे बूट टेकवून चढतात तिथे धूळ टिकत नाही, रंगच घासून निघतो. डिझेल भरताना सांडतं तिथे धूळ भिजून काळपट, चकचकीत ओघळ पडतो. कोरड्या हवेत काही महिने वापरलेल्या गाडीवर गंज शोभत नाही. या खुणा वाचायच्या तर खऱ्या वाहनाजवळ उभं राहावं. मराठी वाचकाला त्यासाठी अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम जवळचं आहे. तिथे जॅकल नाही, पण पोलाद कसं जोडलेलं असतं आणि वेल्डिंगची शिवण किती ओबडधोबड असते, हे तिथले रणगाडे हातभर अंतरावरून दाखवतात.

एवढं केल्यावर मॉडेलकाराच्या लक्षात एक गोष्ट येते. गाडीवरचं काहीही शोभेसाठी नाही. वाढवलेला चिलखती पत्रा सुरुंगाच्या अनुभवातून आला आहे. जॅकलच्या पुढच्या आवृत्तीत मुख्य बंदूक पुढे सरकवली, ती जास्त रुंद कोनात मारा करता यावा म्हणून. त्या उघड्या आसनांवर खरी माणसं बसली होती आणि त्यांतली काही परतली नाहीत. म्हणूनच प्रत्येक पट्टा कशाला आहे, हे कळल्याशिवाय तो चिकटवू नये, असं मला मनापासून वाटतं.

निव्वळ मापं पाळून बनवलेली छोटी गाडी खोटी दिसते. खरी दिसते ती चपटे केलेले टायर, फिकट केलेला रंग, कागदाचं कापड आणि रंगाची धूळ घेतलेली गाडी. लांबी-रुंदी लहान होते. प्रकाश, गुरुत्वाकर्षण आणि माणसाचा डोळा होत नाही. त्या तफावतीची भरपाई किती आणि कुठे करायची हे ज्याला उमगलं, त्याला ती पाच मीटरची मूळ गाडीही पहिल्यांदा नीट समजलेली असते.