सगळे पॉइंट्स रेषेवरच?

जर्नलमधल्या ग्राफचे सगळेच्या सगळे पॉइंट्स सरळ रेषेवर आले, की सर चष्म्यावरून आपल्याकडे बघतात. कारण खऱ्या प्रयोगात थोडा तरी एरर येतोच! जुन्या हस्तलिखितांचंही तसंच आहे. त्याचा हा एक भन्नाट किस्सा.

लिव्हरपूलच्या जोसेफ मेयर या सोनाराकडे इजिप्तमधल्या प्राचीन वस्तूंचा मोठा संग्रह होता. त्यातले पपायरस, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या पट्ट्यांचा कागद, 1860 साली कॉन्स्टंटाइन सिमोनिडीस या ग्रीक गृहस्थाने तपासायला घेतले. आणि त्याला चक्क बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचे तुकडे 'सापडले'! तेही पहिल्या शतकातले, खुद्द मत्तयाने सांगून लिहवून घेतलेले. 1861 मध्ये त्याने ते छापलेसुद्धा.

आता गंमत बघा. श्रीमंताने स्वर्गात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं येशूचं वचन आहे. सुईत उंट कुठून आला? ग्रीकमध्ये उंट 'कामेलोस' आणि दोरखंड 'कामिलोस', म्हणून मूळ शब्द दोरखंडच असेल, असा तर्क जुनाच होता. सिमोनिडीसच्या पपायरसात नेमका दोरखंड निघाला! लेखक, लेखनिक, काळ, शंकेचं उत्तर... सगळे पॉइंट्स रेषेवर!

1863 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचरने तपासणी करून हे बनावट ठरवलं. बनावट हस्तलिखिताच्याच प्रकरणात 1856 मध्ये त्याला जर्मनीत अटकही झाली होती.

तुम्ही म्हणाल, आज कार्बन-14 ने लगेच पकडता येईल. पण मला वाटतं, एवढं सोपं नाही. ती चाचणी पपायरसचं वय सांगते, त्यावर कधी लिहिलं ते नाही. जुना कोरा तुकडा मिळवून कुणीही त्यावर लिहू शकतो. म्हणून शाई, अक्षराचं वळण, भाषा आणि मुख्य म्हणजे तो तुकडा कुठून, कुणाच्या हातून आला, हे सगळं जुळवावं लागतं.

याउलट मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयातला योहानाच्या शुभवर्तमानाचा तुकडा पाहा. जेमतेम 9 बाय 6 सेंटिमीटर, ओळी अर्धवट, लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. त्याचा नेमका काळ कोणता यावर अभ्यासक अजून वाद घालतात, पण तो खरा आहे याबद्दल वाद नाही.

तेव्हा दोस्तहो, एखादा पुरावा आपल्याला हवं तेच आणि हवं तितकंच सांगायला लागला, तर खूश होण्याआधी एकदा सरांसारखं चष्म्यावरून बघा!