शक्तिमान : वह्यांतून उतरलेला, तरी न संपलेला ट्रक

नागपूरहून कामठी, देवलापार, शिवनी अशी गावे मागे टाकत उत्तरेस निघाले की लखनादोनला जबलपूरचा फाटा लागतो. मालाच्या निमित्ताने हा रस्ता आपल्या अनेक व्यापारी घराण्यांच्या परिचयाचा आहे. त्याच जबलपुरात, जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने, १९५९ साली 'शक्तिमान' हा लष्करी मालवाहू ट्रक तयार होऊ लागला. आधी गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे व्हेइकल फॅक्टरीत त्याचे उत्पादन नव्वदच्या दशकापर्यंत चालले. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत दारूगोळा, शिधा व जवान त्याने वाहिले. त्याच्याच सोबतीने निसानचा एक टनी ट्रक आणि 'जोंगा' ही जीपसारखी गाडी जबलपुरातच तयार होत असे. जोंगा हे नावही जबलपूरच्या आयुध कारखान्यांच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून पडले.

लष्करातून निवृत्त झालेल्या ट्रकपुढे दोन वाटा असत. एक लिलावातून थेट भंगाराकडे जाणारी. आपल्यापैकी लोखंडाच्या व्यापारात असलेल्यांना एमएसटीसीचे ई-लिलाव नवे नाहीत. दुसरी वाट पुन्हा कष्टाची. मेघालयाच्या डोंगरांत कोळसा आणि लाकूड वाहणारे जुने शक्तिमान पुष्कळांनी पाहिले आहेत. अलीकडे तिसरी, अगदी चिंचोळी वाट निघाली आहे, ती छंदाची.

हिशेबनिसाच्या दृष्टीने हा छंद चमत्कारिक वाटावा असाच आहे. भाड्याने चालणाऱ्या ट्रकवर आयकराच्या नियमांप्रमाणे वर्षाला तीस टक्के घसारा धरला जातो. म्हणजे शंभर रुपयांच्या मालमत्तेचे दहा वर्षांनी वहीत तीन रुपयेही उरत नाहीत. जिथे वहीतील किंमत संपते तिथे या माणसांचा खर्च सुरू होतो. परदेशात मात्र हा छंद रुळलेला आहे. ब्रिटनमध्ये लष्करी वाहनांच्या जतनाची संघटना १९६८ साली स्थापन झाली, अमेरिकेत १९७६ साली. दरवर्षी ६ जूनच्या सुमारास फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातील ट्रक आणि जीप त्यांचे मालक स्वतः चालवत नेतात. अमेरिकेच्या जीएमसी कंपनीने त्या युद्धासाठी एकाच जातीचे पाच लाखांहून अधिक ट्रक बांधले होते. त्यामुळे सुटे भाग आजही हाती लागतात. आपल्याकडे जुन्या मोटारींना रसिक मिळाले, महेंद्रसिंग धोनीमुळे २०१९ साली जोंगाचीही चर्चा झाली. अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ पासून आहे. ओझे वाहणाऱ्या ट्रकची दखल त्या मानाने फारच थोड्यांनी घेतली.

ट्रक विकत घेणे त्यातल्या त्यात सोपे. तो जिवंत ठेवणे अवघड. उभे वाहन चालत्या वाहनापेक्षा लवकर बिघडते, ही गोष्ट नवख्याला पटत नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, सिलिंडर आतून गंजतात आणि पिस्टन अडकून बसतात. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात रबरी सील वाळतात, टायरला बारीक भेगा पडतात, ताडपत्रीचा हूड विरतो. पाठोपाठ येणारा पावसाळा फाळक्याच्या आणि बॉडीच्या लाकडात शिरतो. म्हणून जाणकार मंडळी ट्रक ठोकळ्यांवर उचलून ठेवतात, डिझेलची टाकी भरलेली ठेवतात, म्हणजे आत पाणी सुटत नाही, आणि महिन्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी फिरवून आणतात. नुसते जागेवर पाच मिनिटे सुरू ठेवल्याने लाभापेक्षा तोटाच अधिक. चारही चाकांना जोर देणाऱ्या ट्रान्सफर केसचे तेल बहुतेक जण विसरतात. ते विसरले की दुरुस्ती सर्वांत महाग पडते.

जुन्या जड चाकांच्या दोन तुकड्यांच्या रिमविषयी विशेष सावध राहावे. हवा भरताना तिचे कडे सुटले तर समोरचा माणूस जागीच दगावू शकतो. असे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच, बाजूला उभे राहून भरायचे. या बाबतीत काटकसर नको. न मिळणारा भाग लेथवर करून देणारा जुना मिस्त्री सापडला, तर त्याला मजुरीत घासाघीस न करता सांभाळावे; त्याच्या मागे शिकणारे कोणी उरलेले नाही.

या छंदाची खरी कोंडी मात्र कागदांत आहे. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेतील वेगळा क्रमांक मिळतो. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. परंतु नियमाचा रोख दुचाकींकडे आणि खासगी, बिगरव्यावसायिक चारचाकींकडे आहे. मालवाहू ट्रक त्यात सहज बसत नाही. पेट्रोलचा खर्च परवडत नाही म्हणून निसानला डिझेल इंजिन बसवणाऱ्यांनी तर मूळ स्वरूपाची अट आपल्याच हातांनी मोडली. दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी टिकत नाही, त्यांना स्क्रॅप केंद्राची वाट दाखवली जाते. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कारवाईत लागणारी विशेष वाहने त्यातून वगळली आहेत. म्हणजे पंधराव्या वर्षी भंगार आणि पन्नासाव्या वर्षी वारसा! मधली पस्तीस वर्षे ट्रकने कोणाच्या अंगणात काढायची, याचा विचार नियमांत दिसत नाही. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वाहनांपैकी थोडी तरी चांगल्या अवस्थेत राखण्याची तरतूद असायला हवी होती.

तोवर ज्यांच्याकडे असा ट्रक आहे त्यांनी लिलावाची पावती, लष्कराचे मुक्तिपत्र, चॅसी क्रमांकाचा ठसा आणि बाणाच्या खुणेचा जुना लष्करी क्रमांक दिसेल असे छायाचित्र एकाच फाइलीत लावून ठेवावे. वाहनाचे वय पहिल्या नोंदणीपासून मोजले जाते आणि परिवहन कार्यालयातील नोंद विक्रीनंतरच होते. त्यामुळे बांधणीचे साल सिद्ध करणारा एकही कागद गहाळ झाला, तर १९७२ चा शक्तिमान सरकारदरबारी वीस-पंचवीस वर्षांनी तरुण ठरू शकतो.