हृदयाच्या एमआरआयने काय कळते?

धंद्याच्या पानावर इस्पितळाचा विषय कशाला, असे काही वाचकबंधू म्हणतील. परंतु घरातील कर्त्या माणसाच्या छातीत दुखले की पहिला भार दुकानाच्या गल्ल्यावर पडतो. पैसा कोणत्या इलाजावर लावायचा, हा सवाल त्याच घाईत उभा राहतो.

अँजिओग्राफीत रक्ताच्या नळ्या दिसतात, अडथळा कोठे आहे ते समजते. पण त्या नळीवर पोसणारा हृदयाचा स्नायू जिवंत आहे की मेला, हे तीत दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते. गॅडोलिनियमचे इंजेक्शन शिरेतून देतात व सुमारे दहा मिनिटांनी चित्रे घेतात. निरोगी स्नायूतून औषध निघून जाते, मेलेल्या भागात रेंगाळते आणि तो भाग पांढरा चमकतो. कपडा उजेडाकडे धरला की विरलेली जागा दिसते, तसेच हे. २००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी ५० रुग्ण तपासून दाखवले की हा डाग जितका खोल, तितकी बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर तो भाग सुधारण्याची आशा कमी.

मात्र जिवंत स्नायू दिसला की स्टेंट टाकलाच पाहिजे, असा सरळ हिशेब करू नये. २०२२ साली ब्रिटनमधील ७०० रुग्णांच्या पाहणीत, हृदय फार कमजोर असलेल्यांना औषधांच्या जोडीला स्टेंट देऊनही मृत्यू किंवा इस्पितळात भरती होणे कमी झाले नाही. घाईने सही करण्यापूर्वी डॉक्टरसाहेबांना हे जरूर विचारावे.

या यंत्रात क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक व रेडिओ लहरी यांच्या जोरावर शरीरातील पाण्याकडून संदेश मिळवून चित्र तयार होते. या शोधासाठी लॉटरबर व मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले. हृदयाची खरी अडचण अशी की ते क्षणभर थांबत नाही आणि हललेल्या वस्तूचे चित्र फिसकटते. म्हणून ईसीजीच्या तारा लावून प्रत्येक ठोक्याच्या ठरावीक क्षणी थोडा थोडा भाग टिपतात व मग जोडतात. त्यासाठी रुग्णाला पुन्हा पुन्हा श्वास रोखावा लागतो. दम लागणाऱ्या माणसाला ते कसे जमणार? आता थोड्याच नोंदी घेऊन बाकीचे चित्र संगणक गणिताने भरतो, त्यामुळे काही यंत्रांवर श्वास चालू ठेवूनही चित्र मिळते. पूर्वी पेसमेकर असलेल्यांना ही तपासणी बहुधा नाकारली जाई. एमआरआयला चालणाऱ्या पेसमेकरला अमेरिकेत २०११ साली मंजुरी मिळाली.

मूत्रपिंडाचा जुना आजार असल्यास इंजेक्शनपूर्वी सांगावे. लेथ, ग्राइंडर किंवा वेल्डिंगवर काम करणाऱ्या कारागीर भावांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तो लपवू नये. चुंबकाने तो सरकला तर डोळा जाऊ शकतो. आधी एक्स-रे काढून खात्री करतात. गळ्यातील धातूच्या डबीचा तावीज, अंगठी, चाव्या, घड्याळ बाहेर ठेवावे. जरीचा कपडाही अंगावर नको, जरीत धातूची तार असू शकते.