नाव बदललं आणि रिपोर्ट अडला

समजा, एका वाचनालयाच्या सभासदांची नोंद मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आहे. टेबलात ‘वर्गणी’ नावाचं एक फील्ड आहे. पुढे मासिक वर्गणीही सुरू झाली, म्हणून कुणीतरी त्या फील्डचं नाव ‘वार्षिक_वर्गणी’ केलं. टेबल उघडलं तर सगळे आकडे जागच्या जागी. पण रिपोर्ट काढायला गेलं की पडद्यावर चौकट येते: ‘एंटर पॅरामीटर व्हॅल्यू’, आणि तिच्यात जुनं नाव, ‘वर्गणी’.

रिपोर्टला टेबलातली माहिती पुरवणाऱ्या क्वेरीत ‘वर्गणी’ लिहिलेलं आहे, पण टेबलात त्या नावाचं काही नाही. तेव्हा ही किंमत समोर बसलेला माणूसच देणार असेल, असं ॲक्सेस धरून चालतं. कटकट टाळायला तिथे 500 टाइप करून ओके दाबलं, तर रिपोर्ट बिनतक्रार निघतो आणि प्रत्येक सभासदापुढे 500 छापले जातात. चौकट रिकामी सोडली तर रकाना कोरा. म्हणून त्या चौकटीत काही भरू नये. ‘कॅन्सल’ करावं आणि तिच्यातलं नाव अक्षरशः टिपून घ्यावं, कारण काय सापडत नाही हे ॲक्सेसने तिथेच सांगितलेलं असतं.

रिपोर्ट असा नावावर अडण्याचं मूळ 1970 सालात आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी त्या वर्षी रिलेशनल मॉडेल मांडलं. तोवर माहिती यंत्रात कोणत्या क्रमाने ठेवली आहे, तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचायचं, हे प्रोग्रॅमलाच ठाऊक असावं लागे. मांडणी बदलली की प्रोग्रॅम कोलमडे. वापरणाऱ्याला यातलं काही माहीत असण्याची गरज नाही, रकान्यांचा क्रमसुद्धा लक्षात ठेवायला नको, नावाने मागावं, असं कॉड यांचं म्हणणं. संगणकशास्त्रात याहून उपकारक कल्पना मला फार थोड्या दिसतात. पण त्यामुळे सगळा भार नावावर आला. रकाने पुढेमागे केले तरी रिपोर्टला फरक पडत नाही. नाव हललं की तो अडतो.

ॲक्सेस 2000 पासून ‘नेम ऑटोकरेक्ट’ ही सोय आली. ती बऱ्याच ठिकाणी नवं नाव आपोआप पोचवते, पण व्हीबीए या ॲक्सेसमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या कोडला हात लावत नाही. तिच्यावर विसंबून राहू नये.

शोध कुठून सुरू करायचा? आधी क्वेरी एकटी चालवून पाहा. तीच जुनं नाव विचारत असेल, तर दोष क्वेरीत. क्वेरी सुरळीत चालली आणि तरी रिपोर्ट विचारतोय, तर दोष रिपोर्टमध्ये. इथे माणसं हमखास चकतात. रिपोर्टमधला रकान्याचा टेक्स्ट बॉक्स दुरुस्त केलेला असतो, पण जुनं नाव ‘सॉर्टिंग अँड ग्रुपिंग’मध्ये, तळाच्या बेरजेच्या सूत्रात किंवा प्रॉपर्टी शीटमधल्या ‘फिल्टर’ आणि ‘ऑर्डर बाय’ या ओळींत तसंच राहिलेलं असतं. कधीकाळी केलेलं सॉर्टिंग रिपोर्टबरोबर सेव्ह होतं आणि कागदावर ते कुठेच दिसत नाही. सबरिपोर्ट असेल तर त्याला जोडणारी फील्डंही तपासा.

अडणारा रिपोर्ट निदान आपण अडलो हे सांगतो. न अडणारा जास्त घातक. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये दुहेरी अवतरणात लिहिलेलं फील्डचं नाव सापडलं नाही, तर तो ते साधा मजकूर समजतो. मग प्रत्येक ओळीत आकड्याऐवजी ‘वर्गणी’ हाच शब्द येतो, बेरीज शून्य होते, आणि एररचा मेसेज येत नाही. जुन्या प्रोग्रॅमांसाठी ठेवलेली ही सवलत आता बंद करता येते, आणि ती बंदच ठेवावी.

खरं तर पुष्कळदा नाव बदलण्याची गरजच नसते. लोकांना दिसणारा मथळा तेवढा बदलायचा असेल, तर फील्डच्या ‘कॅप्शन’मध्ये नवा मजकूर घाला, आतलं नाव राहू द्या. बदलणं भागच असेल, तर क्वेरीत नव्या फील्डला ‘वर्गणी’ हे जुनं नाव टोपणनाव म्हणून द्या. त्या क्वेरीवर चालणारे सगळे रिपोर्ट पुन्हा सुरू होतात. मात्र नाव बदलण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा, वर्गणीची एकूण बेरीज लिहून ठेवा, आणि बदलानंतरच्या रिपोर्टमधली बेरीज तिच्याशी जुळेपर्यंत तो रिपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका.